मागे घेण्याची मुदत

उत्तरायण होऊन किती दिवस झाले तरी आमच्या बडोद्यात, कारेलीबागेतल्या तारांवर दोऱ्या लोंबतच असतात. गुलाबी, पोपटी, मध्येच एखाद्या फाटक्या पतंगाच्या कामट्या. त्या काढायला कुणी येत नाही. उन्हानं रंग उडतो आणि कधीतरी त्या दिसेनाशा होतात. यंदा त्याच तारांखालून पुन्हा टपावर भोंगा बांधलेल्या रिक्षा फिरू लागल्या. म्युनिसिपालटीची निवडणूक आली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. कोपऱ्यावरून पहिला भोंगा ऐकू आला आणि हातातला टॉवेल हातातच राहिला. आंब्याचा असतो, थंडीचा असतो, तसा हाही एक मोसम आहे, फक्त पाच वर्षांनी येणारा. मला तो सोसत नाही.

मी घरी इंग्रजीची ट्यूशन घेते. संध्याकाळी दहा-बारा मुलं येतात, दारात चपलांचा ढीग पडतो, आणि आम्ही बोर्डासमोर बसतो. शब्दसंग्रह वाढवायचा तर जे आजूबाजूला चाललंय त्यातलेच शब्द घ्यावेत अशी माझी पद्धत. म्हणून निवडणूक आली की निवडणुकीचे शब्द. कँडिडेट, कॉन्स्टिट्यूअन्सी, मॅनिफेस्टो, कॅनव्हास, टर्नआउट. मुलं भराभर लिहून घेतात. मला मात्र दर वेळी वाटतं, या शब्दांना वासच नाही. सगळे धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेले. आमच्याकडे प्रचार म्हटला की पाणीगेटच्या छापखान्यातून आलेल्या पत्रकांच्या ओल्या शाईचा वास येतो, कार्यालयातल्या फाफड्याचा आणि तळलेल्या मिरचीचा येतो. 'स्प्लिट द व्होट' असं मी बोर्डावर लिहिते. मतं विभागली. कुणी विभागली, कुणाची विभागली, ते वाक्य काही सांगत नाही. मराठीत आपण मतं खाल्ली म्हणतो. खाल्ली म्हटलं की खाणाऱ्याचं तोंड दिसतं, आणि मला ते माझ्या बाबांचं दिसतं.

मागची निवडणूक तोंडाला मास्क लावून झाली. बाबा तेव्हा सत्तरीला आले होते. उभा जन्म रिफायनरीत शिफ्ट ड्यूटी, मग निवृत्ती, मांजलपूरच्या सोसायटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, सकाळी पाण्याची टाकी भरली का ते बघणं आणि संध्याकाळी चहा. चहाला अप्पा यायचे. अप्पा समोरच्या ओळीत राहायचे. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले, एकाच बसनं गेले, एकाच सोसायटीत घर घेतलं. अप्पा दारातूनच म्हणायचे, "दत्ता, बेसलोय रे," आणि बसायचे. आई कपबशी पुढे ठेवायची. अप्पा कपातला सगळा चहा बशीत ओतून, फुंकर मारून, आवाज करत प्यायचे. लहानपणी मला त्या आवाजाची किळस यायची. आता तो कुठे ऐकू आला तर मी थांबते.

अप्पा पक्षाचं काम करायचे. मोठं काही नाही. गटार तुंबलं की अर्ज द्यायचा, दिवा गेला की ऑफिसात खेटे घालायचे, सभेच्या वेळी सतरंज्या मोजून घ्यायच्या. बाबांना त्यातलं काही नको असायचं. निदान आम्हाला तसं वाटायचं.

उमेश आमच्याच सोसायटीतला. आडनावानं मराठी, तिसरी पिढी बडोद्यात, बोलताना निम्मी गुजराती. अप्पांच्याच पक्षाचा कार्यकर्ता, आणि त्या वर्षी तिकीट आपल्याला मिळणार असं त्यानं गृहीत धरलेलं. तिकिटं जाहीर व्हायच्या आधी वारं फिरलंय याचा त्याला वास लागला असावा. तो एका दुपारी आमच्या घरी आला, बाबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, या वखते पार्टी एका पण मराठी माणसाला तिकीट नाही देणार. नक्की छे. मग आपल्या समाजाचा आवाज कोण? तुम्ही उभे रहा ने. अपक्ष. तुमचं नाव साफ, कोणाच्या घेण्यात नाही, देण्यात नाही. फॉर्मचं सगळं मी बघतो, तुम्ही फक्त सही करा."

उमेश गेल्यावर बाबा आरशासमोर जरा जास्त वेळ उभे होते. आईनं मला हे फोनवर सांगितलं. सांगताना ती हसत होती.

इंडिपेंडंट. हा शब्द मुलांना फार आवडतो. कुणाच्या मिंध्यात नसलेला, स्वतःच्या पायावर उभा. बाबांनीही तो तसाच घेतला. आयुष्यभर भोंगा वाजला की आत आणि भोंगा वाजला की बाहेर, असा गेलेला माणूस. त्याला कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं होतं, तुम्ही उभे रहा. त्यांनी फॉर्म भरला. सूचक उमेशनं आणले. अप्पांना बाबांनी संध्याकाळी चहाच्या वेळी सांगितलं, तेव्हा अप्पा म्हणाले, "वा, चांगलं केलंस." आणि बशी तोंडाला लावली.

दुसऱ्याच दिवशी, फॉर्म भरायच्या अगदी शेवटच्या घटकेला, पक्षानं तिकीट दिलं ते अप्पांना.

इथे बाहेरच्या वाचकाला एक सांगायला हवं. आमच्याकडे एका वॉर्डातून चार नगरसेवक जातात आणि मतदाराला चार मतं असतात. पक्षाच्या चौघांना मिळून पॅनल म्हणतात. लोक सहसा आख्खं पॅनल निवडून देतात. पण आमच्या भागातल्या मराठी घरांनी चारातलं एक मत बाबांना दिलं, तर ते पॅनलमधल्या कुणाच्या तरी नावावरून उचलूनच द्यावं लागणार. एका मराठी माणसाला मत द्यायचंच आहे, मग तो अप्पा की दत्ता, एवढाच प्रश्न. हे उमेशला कळत होतं. आईलाही कळलं. ती बाबांना म्हणाली, "अहो, अजून मुदत आहे. फॉर्म काढून घ्या."

विथड्रॉ. फॉर्म भरल्यानंतर तो मागे घ्यायला थोडे दिवस मिळतात. शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत जाऊन सही केली की झालं. त्या दिवसांतल्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. माझी ट्यूशन तेव्हा फोनवरून चालायची, म्हणून मी मांजलपूरला जाऊन राहिले होते. अप्पा रोजच्यासारखे यायचे. मास्क हनुवटीवर ओढून चहा प्यायचे. दोघं पाण्याच्या प्रेशरवर बोलायचे, रिफायनरीतल्या कुणाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर बोलायचे, लस कधी मिळणार यावर बोलायचे. फॉर्मचा शब्द कुणी काढायचं नाही. चहा संपायचा, अप्पा उठायचे, दारात थांबून चपलेत पाय घालायला उगाच वेळ लावायचे. मग जायचे.

दार लागलं की आई म्हणायची, "विचारत का नाही तुम्ही त्यांना?"

"त्यानं एकदा म्हणू दे ने," बाबा म्हणायचे. "दत्ता, काढ फॉर्म, एवढंच म्हणू दे. मी काय नाही म्हणणार आहे?"

समोरच्या ओळीत काय बोलणं चाललं होतं ते आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. अप्पांची बायको, आमच्या काकू, आईला म्हणाल्या की हे रोज परत येऊन खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "मी कसं सांगू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा दत्ताला काहीतरी हवंसं वाटलंय."

आम्ही बडोद्याची मराठी माणसं अशीच. कुणाच्या घरी जेवायला बसलो तर पोळी संपली तरी मागत नाही, वाढणाऱ्यानं बघावं. दोघंही ताटावर तसेच बसून राहिले. शेवटच्या दिवशी तीन वाजले तेव्हा बाबा गॅलरीत उभे होते आणि समोरच्या गॅलरीत अप्पा. दोघांनी एकमेकांना हात केला.

मग चिन्हं वाटली गेली. बाबांना कपबशी मिळाली.

कँडिडेट या शब्दाचं मूळ पांढऱ्या कपड्यात आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगते. जुन्या रोममध्ये पद मागायला निघालेला माणूस पांढराशुभ्र झगा घालून फिरायचा. आईनं बाबांचे दोन सदरे नीळ घालून, कडक खळ देऊन तयार केले. ते घालून बाबा गल्लीगल्लीतून फिरले. मास्कवर कपबशी छापलेली, त्यामुळे हसलेलं कुणाला दिसायचं नाही, म्हणून ते डोळे बारीक करून हसायचे. लोक म्हणायचे, "काका, तमे तो घरना माणस." एका सोसायटीत बायकांनी त्यांना ओवाळलं. एका ठिकाणी कुणीतरी ड्रेनेजबद्दल त्यांचं मत विचारलं, आणि बाबा पाइपांबद्दल इतकं सुंदर बोलले की लोक ऐकत राहिले. पाइप हा त्यांचा जन्माचा विषय. मी मागे उभी होते. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. माझा बाप मला असा कधी दिसलाच नव्हता. संध्याकाळच्या चहाला त्या दिवसांत अप्पा आले नाहीत. तेही दुसऱ्या गल्लीत पांढरे कपडे घालून हात जोडत होते.

निकालाच्या दिवशी पॅनल तुटलं. तिघं आले. एकटे अप्पा पडले, आणि जितक्या मतांनी पडले त्याहून जास्त मतं बाबांच्या नावापुढे होती. टीव्हीवर एक क्षणभर आकडे आले आणि गेले. खाली पोरांनी अप्पांच्या गॅलरीकडे बघून आरोळी ठोकली, "ए काप्यो छे." पतंग कापल्यावर देतात तीच. उत्तरायण कधीच होऊन गेलं होतं. बाबांनी टीव्ही बंद केला, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "मी जरा अप्पाकडे जाऊन येतो." पाचच मिनिटांत ते परत आले. काकूंनी दार उघडलं आणि झोपलेत म्हणून सांगितलं. तेव्हा भर दुपारचे बारा वाजले होते.

संध्याकाळी उमेश पेढे घेऊन आला. "काका, तुम्ही तर कमाल केली," असं म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात बाबांना सगळं कळलं, अप्पांना पाडायलाच यानं आपल्याला उभं केलं होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग हातातल्या पेढ्याकडे. आईनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदा झालं.

'रनर-अप', 'फॉरफिट', 'कन्सीड'. कन्सीड शिकवताना मी मुलांना सांगते की हरलेला माणूस जिंकलेल्याला फोन करून मोकळेपणानं हार मान्य करतो. पण दोघंही हरलेले असले तर कुणी कुणाला फोन करायचा, याला त्या धड्यात शब्द नाही. बाबा दोनदा समोर जाऊन आले. एकदा अप्पा आंघोळीला गेले होते, एकदा पूजेला बसले होते. सोसायटीतली मराठी घरं बाबांशी नीट बोलत, पण गणपतीच्या मंडळाच्या बैठकीचा निरोप येईनासा झाला. जिन्यात कुणीतरी म्हणालं, आपल्याच माणसाची मतं खाल्ली. आईनं ते ऐकलं. तिनं घरी येऊन सांगितलं नाही, पण तिचा चेहरा बघून बाबांनी विचारलंही नाही.

बाबा म्हणायचे, जाऊ दे थोडे दिवस. उन्हाळा होऊ दे. कैऱ्या आल्या की तो पन्ह्याला येतोच.

उन्हाळा आला तो दुसरी लाट घेऊन. लाट हा शब्द निवडणुकीतही आहे, वेव्ह म्हणतात, पण मी तो बोर्डावर लिहीत नाही. अप्पांना न्यायला गाडी आली तेव्हा कुणीच खाली उतरू शकलं नाही. सगळ्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती. अप्पा स्वतः चालत गाडीपर्यंत गेले. बाबा गॅलरीतून ओरडले, "अप्पा, लवकर ये रे." अप्पांनी वर बघितलं की नाही, यावर आई आणि बाबांचं अजून एकमत नाही. आई म्हणते बघितलं. ते परत आले नाहीत. खांदा द्यायलाही कुणाला जाता आलं नाही. काकूंना त्यांची लेक नाशिकला घेऊन गेली, फ्लॅट विकला गेला, आणि त्या गॅलरीत नव्या माणसांचे कपडे वाळू लागले. आईनं घरातल्या सगळ्या बश्या माळ्यावर टाकल्या. बाबा तेव्हापासून स्टीलच्या पेल्यात चहा घेतात. बोलणं मुळातच कमी होतं, ते पाणी आलं का, औषध दिलंस का, एवढ्यावर आलं.

यंदा रिक्षा फिरू लागल्या आणि आठवड्याभरात आईचा फोन आला. "तू ये. यांचं डोकं फिरलंय."

उमेश येऊन गेला होता. या खेपेला तिकीट त्यालाच मिळालं होतं. समोरच्या पक्षानं एक मराठी बाई उभी केली होती, आणि तिची मतं खायला उमेशला पुन्हा कपबशी हवी होती. त्यानं बाबांच्या पाया पडून तीच वाक्यं म्हटली. बाबा म्हणाले, "हो. कुठे सही करायची?"

मी गेले तेव्हा बाबा कपाटातून पांढरा सदरा काढून बसले होते. घडीवर पिवळी रेघ पडलेली. मी चिडले. मी त्यांना म्हणाले, "बाबा, तुम्हाला कळतंय ना तो कशासाठी बोलावतोय?"

"मला कळतंय," ते म्हणाले. "मी उभा राहतोय."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणून झालंय त्यांचं."

मी परतीच्या वाटेवर स्कूटरवर रडले. मला वाटलं, त्या चार दिवसांचं ओवाळणं, ते "घरना माणस", एवढ्यासाठी हा माणूस पुन्हा तोच सदरा घालायला तयार आहे. कुणीतरी नावानं हाक मारावी म्हणून. मला त्यांचा राग आला, आणि रागाच्या खाली जी कीव होती ती रागापेक्षा वाईट होती. बाबा फॉर्म भरून आले. मी तीन दिवस फोन केला नाही.

त्याच आठवड्यात ट्यूशनमध्ये मी विथड्रॉ शिकवत होते. ध्रुवी नावाची एक मुलगी आहे, प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. तिनं विचारलं, "टीचर, विथड्रॉ करे तो ए हार्यो कहेवाय?" मागे घेतलं तर तो हरला म्हणायचा का? मी म्हणाले, "ना. ए हार्या-जीत्या विना घरे जाय." न हरता, न जिंकता घरी जातो. तिनं ते वहीत लिहून घेतलं. मी बोर्ड पुसायला वळले आणि फोन वाजला. बाबा होते.

"उद्या दुपारी स्कूटर घेऊन ये," ते म्हणाले. "ऑफिसात जायचंय. तीनच्या आत."

मी गेले. सदरा धुऊन इस्त्री केलेला, पिवळी रेघ तरीही दिसत होती. वाटेत त्यांच्या खिशातला फोन सारखा थरथरत होता. उमेशचा असणार, कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार. बाबांनी तो काढलाही नाही. ऑफिसात पंखे फिरत होते, गर्दी होती. टेबलामागच्या अधिकाऱ्यानं कागद पुढे सरकवला आणि चौकशी म्हणून विचारलं, "काका, कोईनुं दबाण तो नथी ने?" कुणाचा दबाव तर नाही ना.

बाबांनी थोडा विचार केला. "हतुं," ते म्हणाले. "हवे नथी." होता, आता नाही.

अधिकारी हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली. फार सावकाश केली. तेव्हा मला उमगलं की त्यांनी फॉर्म कशासाठी भरला होता. मागे घ्यायचा तर तो आधी भरावा लागतो.

येताना सोसायटीच्या दारात बाबा म्हणाले, "इथेच थांबव." मला वाटलं घरी जातील. ते समोरच्या ओळीकडे वळले आणि अप्पांच्या गॅलरीखाली जाऊन उभे राहिले. आमच्या गॅलरीतून आई बघत होती. ऊन डोक्यावर होतं. वर एक तरुण बाई दोरीवरचे कपडे काढत होती. नवी आहे ती, सुरतेकडची, मराठीचा गंध नाही. तिनं खाली वाकून विचारलं, "कोनुं काम छे, काका?" कुणाकडे काम आहे.

बाबांनी मान वर केली. इतकी वर्षं परक्यांशी गुजरातीशिवाय न बोललेला माणूस तिच्याशी मराठीत बोलला.

"अप्पाला सांगा," ते म्हणाले, "दत्तानं फॉर्म काढला."

तिला काही कळलं नाही. पण म्हातारा माणूस उन्हात उभा आहे हे तिला दिसत होतं. "सारुं, काका," ती म्हणाली, "कही दईश," सांगते म्हणून, आणि कपडे घेऊन आत गेली.